मालाचं वय विचारू नये

मार्च अखेर. तळेगाव एमआयडीसीतला कुठलाही मध्यम आकाराचा कारखाना घ्या. स्टॉक एजिंगचा, म्हणजे कुठला माल किती दिवस पडून आहे याचा, रिपोर्ट प्रिंटरमधून बाहेर येतो आणि तिसऱ्या पानावर एक एम-12 चा हेक्स बोल्ट असतो. आवक तारीख : 30 डिसेंबर 1899. 31 मार्च 2026 रोजी वय : 46,112 दिवस.

म्हणजे हा बोल्ट तळेगावात उतरला तेव्हा पुण्याहून खंडाळ्याकडे आगगाडी धावत होती हे खरं, पण पैसा फंडाचा काच कारखाना निघायला अजून आठ-नऊ वर्षं होती. एमआयडीसी जन्माला यायला बासष्ट वर्षं होती. बोल्ट मात्र हजर. चकचकीत, झिंक प्लेटिंगसकट.

साहेब विचारतात, "काका, हे काय?"

स्टोअरवाले काका चष्म्यावरून बघतात. "ते कॉम्प्युटरचं आहे साहेब."

खरंच कॉम्प्युटरचं आहे. रिपोर्ट निघतो तो मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेसमधून. अ‍ॅक्सेसमध्ये तारीख म्हणजे एक आकडा असतो, शून्य दिवसापासून मोजलेला. आणि शून्य दिवस म्हणजे 30 डिसेंबर 1899. कुणीतरी जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, करताना तारीख भरलीच नाही. रिकाम्या जागेमुळे रिपोर्ट अडखळायला लागला, म्हणून कुणा हुशार पोराने 'रिकामं असेल तर शून्य धरा' असं लिहून टाकलं. अडखळणं थांबलं. बोल्ट सव्वाशे वर्षांचा झाला.

हा 30 डिसेंबरच का, 31 का नाही, याचीही गंमत आहे. लोटस 1-2-3 नावाच्या जुन्या प्रोग्रॅमने 1900 हे लीप वर्ष धरलं होतं. ते नव्हतं. एक्सेल आलं, तेव्हा लोटसच्या फाइली चालाव्यात म्हणून ती चूक जशीच्या तशी ठेवली. आजही एक्सेलमध्ये 29 फेब्रुवारी 1900 हा कधीच न उगवलेला दिवस सुखाने नांदतो. अ‍ॅक्सेसने ती चूक केली नाही, पण 1 मार्च 1900 पासून पुढे दोघांचे आकडे जुळावेत म्हणून आपलं शून्य एक दिवस मागे ढकललं. चूक सुधारण्यापेक्षा तिच्याभोवती भिंत बांधणं स्वस्त पडतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही नगरपालिकेला अमेरिकेने शिकवायची गरज नव्हती.

पण या बोल्टावर माझा राग नाही. तो प्रामाणिक आहे. तो ओरडून सांगतो की मी चुकलोय. माझी तक्रार त्याच रिपोर्टच्या पहिल्या पानाबद्दल आहे, जिथे सगळं कसं छान दिसतं.

मालाचं वय आणि लग्नाच्या बायोडेटातलं वय यांत फार फरक नाही. दोन्हीकडे तारीख खरी असते, फक्त कुठली तारीख लिहायची हे घरातल्या मोठ्यांनी ठरवलेलं असतं.

आता वय कमी करण्याचे प्रकार बघा. गंमत म्हणजे यातल्या निम्म्या प्रकारांत कुणाचाही हेतू वाईट नसतो.

सगळ्यात सोपा प्रकार : माल रॅक नंबर चारवरून रॅक नंबर नऊवर हलवा. ट्रान्सफर एंट्री पडते. रिपोर्ट लिहिणाऱ्याने वय 'शेवटच्या व्यवहाराच्या तारखेपासून' मोजलेलं असतं. झालं, 2019 सालचं कास्टिंग आज सकाळी जन्मलं. फोर्कलिफ्टवाल्या दादाला कल्पनाही नसते की आपण कायाकल्प करून आलो. मोजणीत दोन नग कमी भरले म्हणून अ‍ॅडजस्टमेंट एंट्री टाकली, तरी तेच. वय मोजायचं ते आवकीच्या तारखेपासून, आणि हातात उरलेला साठा फिफोने (आधी आलेला माल आधी बाहेर) मागे मागे जात शेवटच्या आवकींवर वाटून. म्हणजे शंभर नग शिल्लक असतील आणि शेवटच्या आवकीत साठच आले असतील, तर साठ नग तेवढे ताजे, उरलेले चाळीस त्याच्या आधीच्या आवकीतले. तेही फिफो रॅकवर खरोखर पाळला जात असेल तर. समोरचा बॉक्स आधी उचलायचा आणि मागच्याकडे वर्षभर बघायचंही नाही, ही पद्धत असेल तर क्वेरी कितीही सुंदर असो, ती कादंबरीच. हे वाटप लिहायला जरा डोकं लागतं. शेवटची तारीख उचलायला एक शब्द पुरतो. म्हणून बहुतेक ठिकाणी तो एक शब्दच असतो.

दुसरा प्रकार तारखेचा. टॅलीतून किंवा दुसऱ्या कुठून मजकूर म्हणून आलेली तारीख अ‍ॅक्सेसमध्ये ओढली आणि त्या मशिनची विंडोज सेटिंग अमेरिकन राहिलेली असली, तर 05/03 म्हणजे पाच मार्च न होता तीन मे होतो. बरं, 25/03 आलं की तरी यंत्राने बोंब मारावी ना, की बाबा, पंचविसावा महिना नसतो! तर नाही. ते आपणहून समजूतदार होतं आणि गुपचूप पंचवीस मार्च धरतं. एका क्वेरीत अमेरिका आणि भारत दोन्ही. हिशोब करा : प्रत्येक महिन्यातल्या पहिल्या बारा तारखा उलटू शकतात, त्यातली महिन्याशी जुळणारी एक सोडली तर अकरा. वर्षाचे 132 दिवस चुकीचे, 233 बरोबर. चाचणीला कुणी 28 तारखेची एंट्री घेतली तर रिपोर्ट शंभर टक्के पास.

परिणाम मोठे मजेशीर. 1 डिसेंबर 2025 ला आलेला माल 12 जानेवारी 2025 चा होतो, एका रात्रीत जवळजवळ अकरा महिन्यांनी म्हातारा. आणि 12 जानेवारी 2026 ला आलेला माल 1 डिसेंबर 2026 चा होतो. म्हणजे तो अजून यायचाय. त्याचं वय उणे. उणे वय '0 ते 30' च्या रकान्यात आपोआप बसतं, कारण ते तीसपेक्षा कमी असतंच. न जन्मलेल्या मालावर बँक कर्ज देते, असं म्हटलं तर बँकेला राग येईल. म्हणून म्हणत नाही.

फॉर्मवरून 'या तारखेपर्यंतचा' रिपोर्ट मागतानाही हाच घोळ. क्वेरीच्या मजकुरात दोन # खुणांच्या मध्ये घातलेली तारीख अ‍ॅक्सेस आधी महिना-दिवस अशीच वाचतं, मग तुमच्या मशिनची सेटिंग मराठी असो की मद्रासी. उपाय वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक आहे : वर्ष-महिना-दिवस असं लिहा. एवढं सोपं असल्यामुळेच कुणी करत नाही.

रकान्यांच्या फटी तर विचारू नका. 'तीसपेक्षा कमी' आणि 'तीसपेक्षा जास्त' असे दोन रकाने केले की बरोबर तीस दिवसांचा माल कुठेच नसतो. आवकीच्या तारखेबरोबर वेळही साठवली गेली असेल, तर '31 मार्चपर्यंत' याचा अर्थ अ‍ॅक्सेसच्या लेखी 31 मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे दिवस सुरू होण्याआधीपर्यंत. एकतीस तारखेला सकाळी आलेला ट्रक रिपोर्टातून गायब. आणि मार्च अखेरीला ट्रक कधी येतात हे या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. महिन्यांत वय मोजलं तर 31 जानेवारीचा माल 1 फेब्रुवारीला एक महिन्याचा होतो, कारण दोन तारखांतला फरक काढणारं फलन महिन्यांच्या सीमा मोजतं, दिवस नाही.

रिपोर्ट काढताना मधूनच एक चौकट उघडते आणि कसलीशी किंमत मागते. हे कुठल्या तरी रकान्याच्या नावाचं स्पेलिंग बदलल्यामुळे. काका एन्टर दाबतात. ते नेहमीच एन्टर दाबतात. काय विचारलं हे गेल्या कित्येक मार्चांत कुणी वाचलेलं नाही.

पण माझा आवडता दोष वेगळाच आहे. मी त्याला या सगळ्यांचा सेनापती म्हणेन (तळेगावात हा किताब जपून वापरावा लागतो, दाभाड्यांचं गाव आहे).

वस्तूंची यादी एका कोष्टकात, व्यवहार दुसऱ्या कोष्टकात. दोन्ही जोडून रिपोर्ट काढायचा. जोडण्याची साधी पद्धत अशी की, दोन्हीकडे सापडेल तेवढंच घ्यायचं. व्यवहार यंदाचे. मग ज्या मालाचा वर्षभरात एकही व्यवहार झाला नाही, न आवक, न जावक, त्याचं काय होतं? तो रिपोर्टातच येत नाही. थोडक्यात, जो माल हलत नाही तो शोधण्यासाठी काढलेल्या रिपोर्टातून, न हलणारा माल तेवढा वगळला जातो. बाकी सगळं अचूक. बेरीज जुळते, छपाई सुबक, वर कंपनीचा लोगो.

या क्वेरीने किती मॅनेजरांचे इन्क्रिमेंट वाचवले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही.

तपासायला खरं तर अर्धा तास लागतो. एजिंगच्या सगळ्या रकान्यांची बेरीज आणि स्टॉक लेजरची बेरीज समोरासमोर ठेवा. रुपयाचा फरक आला तरी थांबा. वस्तूंची संख्या मोजा : यादीत किती, रिपोर्टात किती. रिपोर्टात जास्त निघाल्या तर जोडणीत एकाच ओळीच्या दोन ओळी झाल्यात, कमी निघाल्या तर वर सांगितलेला सेनापती. वय रिकामं, वय उणे आणि वय चाळीस हजारांच्या वर, अशा तीन याद्या वेगळ्या काढा. मग कॉम्प्युटर बंद करून स्टोअरमध्ये जा आणि ज्या रॅकवर सगळ्यात जास्त धूळ आहे त्यावरचा पार्ट नंबर लिहून आणा. तो रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यात नसेल तर धूळ खरी माना.

एवढं सोपं आहे, मग होत का नाही?

कारण म्हातारा माल कुणालाच नको असतो, आणि ज्याला-त्याला त्याची आपापली कारणं आहेत. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर चालते. ठरावीक दिवसांच्या वरचा साठा अनेक बँका ड्रॉइंग पॉवरमधून, म्हणजे उचलता येणाऱ्या रकमेतून, वगळतात. म्हणजे माल म्हातारा झाला की हातातला पैसा त्याच महिन्यात आटतो. ऑडिटरला तो किमतीपेक्षा कमी भावाने दाखवायचा असतो, विकून जे येईल त्या भावाने. मग नफा आटतो. मर्यादा पाच कोटींच्या वर असेल तर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं पुस्तकांशी जुळतात का, हे त्याला अहवालात लिहावंही लागतं. मग सगळ्यांची झोप आटते.

ठीक, मग राइट ऑफ करून मोकळं व्हावं? तिथे जीएसटी उभा आहे. कायद्याचं कलम 17(5) म्हणतं, राइट ऑफ केलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करा. म्हणजे माल मेला हे मान्य करायलाही अठरा टक्के लागतात. रॅकवर झोपलेला माल मात्र फुकट झोपतो. भंगाराच्या भावात विकला तर विक्री दाखवता येते, पण भंगारवाला जो भाव बोलतो तो ऐकून साहेबांना तो माल अचानक 'स्ट्रॅटेजिक' वाटू लागतो.

जॉब वर्कला गेलेला माल ही आणखी वेगळी कथा. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला चाकण-भोसरीत पाठवलेलं मटेरियल एक वर्षाच्या आत परत आलं पाहिजे. नाही आलं तर ज्या दिवशी पाठवलं त्याच दिवशी विकलं असं कायदा धरतो, आणि कर मागतो. इथे वयाला कायद्याची तारीख आहे. आणि नेमका हाच माल बहुतेक एजिंग रिपोर्टात नसतो, कारण तो 'आपल्या' स्टोअरमध्ये नसतो. तो चलनाच्या फाइलमध्ये असतो, आणि चलनाची फाइल दुसऱ्या कपाटात. तेव्हा वर्ष भरायच्या आठवड्यात एक टेम्पो धावाधाव करतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर तो अडकला तर माल रस्त्यातच वयात येतो. राष्ट्रीय महामार्ग 548-डी असं त्या रस्त्याचं नाव आहे. नावाला हरकत नाही.

तळेगावला मृत साठ्याचा अनुभव तसा आजचा नाही. जानेवारी 1779 मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना पेशव्यांच्या गादीवर बसवायला पुण्याकडे निघाली. बरोबर तोफा, रसद, बैलांचा न संपणारा तांडा. 9 तारखेला तळेगावी पोचले तर गाव जाळून मोकळं केलेलं. समोर महादजी शिंदे आणि पुणे दरबारची फौज. 11 तारखेच्या रात्री माघारीचा निर्णय झाला आणि जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं. पुढे वडगावचा तह. फजितीच म्हणायची. पण साठा कामाचा नाही हे ओळखायला त्यांना दोन दिवस लागले, हे मान्य करायला हवं. स्लो-मूव्हिंग, नॉन-मूव्हिंग, डेड अशी कमिटी नेमली नाही, पुढच्या तिमाहीत बघू म्हटलं नाही. आमच्याकडे बीएस-4 या जुन्या प्रदूषण-निकषाच्या गाड्यांचे ब्रॅकेट 'एक्सपोर्टला चालतील' म्हणून अजून ठेवलेले असतात.

बीएसवरून आठवलं. 29 मार्च 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1 एप्रिलपासून बीएस-3 गाड्या विकायच्या नाहीत. देशभरात कंपन्या आणि डीलरांकडे मिळून सुमारे 8 लाख 24 हजार गाड्या शिल्लक होत्या, बहुतेक दुचाक्या. शो-रूममधल्या गाडीचं वय रिपोर्टात वीस दिवस आणि प्रत्यक्षात तीन दिवसांचं आयुष्य शिल्लक. मग सवलतींसाठी रांगा लागल्या. वय दिवसांत मोजणारा कुठलाही रिपोर्ट हे दाखवू शकला नसता, कारण माल जुना होतो तो फक्त कॅलेंडरने नाही. मॉडेल बंद होतं, ड्रॉइंगची रिव्हिजन बदलते, गिऱ्हाईक जातं. ओ-रिंग आणि रंगाचे डबे कॅलेंडरने मरतात. गाडीचा पार्ट गाडीबरोबर मरतो.

आणि गिऱ्हाईक जाणं म्हणजे काय ते तळेगावने जवळून पाहिलंय. 2008 मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना इथे सुरू झाला. 2017 मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीसाठी काम चालू ठेवलं, आणि डिसेंबर 2020 मध्ये उत्पादनच बंद. चिनी ग्रेट वॉलशी ठरलेला सौदा फिसकटला. ह्युंदाईने जानेवारी 2024 मध्ये ताबा घेतला, 2025 मध्ये पुन्हा गाड्या निघू लागल्या. ह्युंदाई येईपर्यंतची तीन वर्षं सगळा कारखानाच '180 दिवसांपेक्षा जास्त' या रकान्यात उभा होता. त्याला मात्र कुणी रॅक बदलून तरुण दाखवू शकलं नाही. जागा हलवता येत नव्हती आणि कामगार रस्त्यावर दिसत होते.

असो. अ‍ॅक्सेसची फाइल दोन जीबीच्या पलीकडे वाढत नाही, हे या विषयातलं एकमेव शुभवर्तमान. कधीतरी ती भरते, मग 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' करावं लागतं, आणि त्या निमित्ताने कुणीतरी क्वेरी उघडून बघतो. समजा, अशाच एका कारखान्यात नव्याने लागलेल्या पोराने ती उघडली. जोडणी बदलली, तारखा सरळ केल्या, फटी बुजवल्या, वय आवकीपासून मोजलं. रिपोर्ट काढला. शेवटचा रकाना, जो वर्षानुवर्षं अर्ध्या पानात मावत होता, तो सात पानं झाला.

मीटिंग बसते. साहेब सात पानं उलटतात.

"मागच्या महिन्यापर्यंत सगळं व्यवस्थित होतं. कुणी हात लावला?"

पोरगा उभा राहतो. समजावून सांगतो. चांगलं समजावतो, फळ्यावर दोन गोल काढून.

"म्हणजे तुझं म्हणणं, इतकी वर्षं बँकेला आपण चुकीचं पाठवत होतो?"

"हो सर."

अकाउंट्सच्या ताई पेन खाली ठेवतात. कुणी बोलत नाही. मग साहेब काकांकडे वळतात.

"काका, जुनी फाइल आहे ना?"

"आहे की साहेब. 'स्टॉक फायनल न्यू टू' नावाने. मी काढून ठेवली होती."

"तीच चालू करा. आणि याच्यातल्या त्या 1899 च्या बोल्टाचं आधी बघ रे बाबा, बँकवाले हसतात."